थंड कपाटाखालची ज्योत

माझा धंदा काय, हे लोकांना समजावण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. उरलेलं अर्धं धंद्यात गेलं. खाली घासलेटचा दिवा पेटवायचा आणि त्याच्यावर कपाटात बर्फ धरायचा, हे मी पहिल्यांदा आमच्या गावी सांगितलं तेव्हा माझ्या सख्ख्या चुलत्याने मुकाट्याने उठून माझ्या कपाळाला अंगारा लावला. पोराला मुंबईची हवा बाधली, असं त्याने आईला बाजूला घेऊन सांगितलं. आमचं घर माणगावच्या बाजूचं, भातशेतीवालं. आमच्याकडे आगीवर भात शिजायचा, पाणी तापायचं. आगीवर गारठा धरतो असं म्हणणारा मीच पहिला निघालो.

एकोणीसशे तिसाच्या पुढची ती वर्षं. मुंबईत विलायती थंड कपाटं विकणाऱ्या एका पेढीत मी फिटर होतो. शहरात वीज होती, तिथे विजेची कपाटं जात. किनाऱ्यावर विजेचा पत्ता नव्हता, म्हणून तिकडे घासलेटवर चालणारी कपाटं जात, आणि ती बिघडली की मी जायचो. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्या बंदरात बोटीतून उतरवून घ्यायला पडाव, म्हणजे लहान होडी, येतो आणि कुठे कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावर पेटी घेऊन उतरावं लागतं, हे मला पाठ होतं. पेढीत माझ्याहून शिकलेले फिटर होते, पण त्यांना बोट लागायची. मला नुसती भूक लागायची.

आता हे यंत्र काय असतं ते एकदाच सांगतो. कपाटात कुणी थंडी ओतत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकायची, एवढंच ते काम. ती उचलणारा हमाल म्हणजे नळ्यांत कोंडलेला अमोनिया, आणि त्या हमालाला चालतं ठेवणारा म्हणजे खालचा दिवा. नळ्या कारखान्यातूनच कायमच्या बंद होऊन येत, त्या उघडायची सोय नसे. त्यामुळे मिस्त्रीच्या हातात उरायचं ते नळ्यांच्या बाहेरचं. ज्योत निळी आहे का, धुराडं मोकळं आहे का, पाठीमागे वारा खेळतो का, कपाट सपाट उभं आहे का, दार घट्ट बसतं का. दहा तक्रारींतल्या नऊ यातच मिटत. आणि या नऊंतल्या बहुतेक कपाटाच्या नसत, मालकाच्या असत. हे मालकाला तोंडावर न सांगता दुरुस्त करणं ही खरी कारागिरी.

हरिहरेश्वराला यात्रेकरूंना खोल्या देणारे एक गृहस्थ होते. कपाट घेतल्यापासून त्यांना एकच चिंता लागून राहिली होती: याच्या पाठीतून ऊब येते. ऊब येते म्हणजे काहीतरी वाया जातंय, असा त्यांनी हिशेब केला आणि कपाट भिंतीला चिकटवून वरून जाडजूड गोधडी पांघरली. बिचारं कपाट तापाने फणफणल्यासारखं गोधडीत उभं. उष्णता बाहेर टाकायलाच जागा नाही, तर ती आतून उचलणार कुठून? मी गोधडी काढली, कपाट हातभर पुढे ओढलं आणि सकाळपर्यंत थांबलो. सकाळी बर्फ पाहून त्यांनी मला प्रसादाचा नारळ दिला; गोधडी मात्र तिला अमोनियाची बाधा झाली असेल म्हणून धुवायला टाकली.

मुरूडचे एक पेन्शनीत निघालेले फौजदार. त्यांचं कपाट ओटीवर थंड व्हायचं आणि स्वयंपाकघरात नेलं की संप करायचं. त्यांचा संशय घरातल्या प्रत्येकावर जाऊन आला होता, अगदी आचाऱ्यावर डोळा ठेवण्यापर्यंत मजल गेली होती. मी कपाटावर काठोकाठ पाणी भरलेलं ताट ठेवलं. पाणी एका बाजूने सांडलं. आमच्या कोकणातल्या स्वयंपाकघराच्या जमिनीला मोरीकडे उतार असतोच, नाहीतर पाणी वाहून जाईल कसं? आणि या कपाटाला उतार अजिबात खपत नाही, नळ्यांतला अमोनियाचा रस आपल्या वजनाने वाहतो, त्याची वाट तिरकी झाली की तो अडून बसतो. फणसाच्या लाकडाची एक पाचर मारली आणि आचारी निर्दोष सुटला.

म्हसळ्याकडच्या एका खोतांचं मात्र मला पुढे वारंवार स्मरण व्हायचं. वैशाखात ते कपाटाचं दार सताड उघडून समोर आरामखुर्ची टाकून बसत. तक्रार अशी की खोली गार होण्याऐवजी जास्तच तापते. मी समजावलं की पुढून जेवढी उष्णता उचलली तेवढी पाठीमागून त्याच खोलीत पडते, वर दिव्याची आणखी. त्यांनी थोडा वेळ मिशीला पीळ दिला आणि म्हणाले, "मग याला खिडकीत बसवा की. तोंड आत, पाठ बाहेर." मी हसलो. पेढीत येऊन सगळ्यांना सांगून हसवलं. पुढे कैक वर्षांनी एका बड्या कचेरीच्या खिडकीत हवा गार करणारं यंत्र बसवलेलं पाहिलं. तोंड आत, पाठ बाहेर. तोवर खोत वारले होते, नाहीतर मी खास म्हसळ्याला जाऊन त्यांच्या पाया पडलो असतो.

सगळेच किस्से असे हसण्यावारी गेले नाहीत. रेवदंड्याच्या एका सरबतवाल्याने गोठलेला बर्फ सुटेना म्हणून सुरीने टोचला आणि नळीला भोक पाडलं. दुकानात पाऊल टाकताच सुटलेल्या अमोनियाने डोळ्यांना धारा लागल्या. मग तपासण्यासारखं काही उरत नाही. त्याने मोठ्या हौसेने घेतलेलं कपाट त्या दिवसापासून नुसतं कपाट झालं. त्याच्या बायकोने पुढे त्यात पापड भरले, ते छान कुरकुरीत राहत असं ती मलाच कौतुकाने सांगायची. मला ते ऐकवत नसे. विकताना कुणीतरी त्यांना नीट सांगायला हवं होतं, आणि विकणारे आम्हीच होतो.

पण एवढं सगळं लिहायला बसलो ते श्रीवर्धनच्या दाजीशेटींच्या कपाटासाठी.

दाजीशेट सुपारीचे बागायतदार. त्यांना एकच मुलगी, यमू, सोळा-सतरा वर्षांची. तिला लहानपणीच मधुमेह जडला होता. त्या काळी अशी मुलं हातची जात. पण इन्सुलिनच्या बाटल्या मुंबईत मिळू लागल्या होत्या आणि यमू स्वतःच्या हाताने रोज सुई टोचून घेऊन चालती-बोलती होती. औषध थंड ठेवायचं अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. एरवी आगबोटीतून थोडं थोडं मागवता यायचं, पण पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे चार महिन्यांचं औषध आधीच आणून ठेवणं भाग. आदल्या पावसाळ्यात तिला मुंबईला मामाकडे ठेवलं होतं. तिथे कुणाला तिच्या वेळा सांभाळता आल्या नाहीत, मोजून जेवण घालायची कुणाला सवड नव्हती, आणि पोरगी परत आली ती दोघांनी धरून पडावातून उतरवावी लागली. म्हणून दाजीशेटींनी कपाट घेतलं. आणि ऐन वैशाखाच्या शेवटी निरोप आला की कपाट गार होत नाही.

मी गेलो तो त्या मोसमातल्या शेवटच्या बोटीने. बरोबर बर्फ आणि भुशात पुरलेली औषधाची पेटी होती, यमूच्या चार महिन्यांची. तीच बोट दाभोळपर्यंत जाऊन तिसऱ्या दिवशी सकाळी परत मुंबईकडे निघणार होती. पेटीतला बर्फही त्यानंतर फार तर एखादा दिवस टिकला असता. दाजीशेटींनी मला बंदरावरच सांगितलं: कपाट चाललं तर यमू इथे राहील, नाही तर या बोटीने ती मामाकडे जाईल. हे सांगताना त्यांनी मामाचं नाव दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा समुद्राकडे पाहिलं.

घरात शिरलो तेव्हा कपाट माजघरात उभं होतं. दारावर कुंकवाचं स्वस्तिक, कडीला झेंडूची माळ, आणि खालच्या दिव्यापुढे हळदकुंकू वाहिलेलं. ज्योत पिवळी, वर काळ्या धुराची शेपटी. निदान करायला दोन पळंही लागली नाहीत. वात कित्येक महिन्यांत कातरलेली नव्हती आणि धुराडं काजळीने बुजलं होतं. दिवा मालवायचा, वात कातरायची, धुराडं घासायचं, पुन्हा पेटवायचं. मी बाह्या वर सारल्या आणि दिव्याच्या चावीला हात घातला.

"दिवा मालवायचा न्हाय," यमूची आई म्हणाली.

मला वाटलं, तिन्हीसांजा टळेपर्यंत थांबा म्हणतायत. तसं नव्हतं. फाल्गुनात एकदा घासलेट संपून हा दिवा आपोआप गेला होता, आणि त्याच दिवशी यमू बागेत शुद्ध हरपून पडली होती. तिला गूळपाणी पाजून कशीबशी परत आणली. तेव्हापासून आईच्या मनाने घेतलं की लेकीचा जीव या ज्योतीत आहे. घासलेट भरायचं तेही ज्योत जळती ठेवून, नळकांड्याने. अंगावर काटा येईल असा तो प्रकार. पण बाई वेडी नव्हती, घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला धुराड्याची रचना सांगून उपयोग नसतो, हे मला गोधडीवाल्यांनी शिकवलं होतं. मी माझ्या मते फार हुशारीचा तोडगा काढला. म्हटलं, काकी, याच ज्योतीवर समई लावून घेऊ, कपाट साफ झालं की समईवरून हा दिवा परत लावू. ज्योत तीच राहील.

काकींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "समईत दुसरा दिवा झाला, मिस्त्री. हितला इझला तो इझलाच की."

मी चावीवरचा हात काढला. दाजीशेट बायकोला समजावू लागले, मग रागावू लागले. पेटीतल्या बर्फाचं पाणी भुशातून झिरपून जमिनीवर ओल दिसायला लागली होती. यमू आतापर्यंत खांबाला टेकून सगळं ऐकत होती. ती पुढे आली आणि आईसमोर बसली.

"त्या दिवशी संकष्टी होती," ती म्हणाली. "मी तुला न सांगता उपास धरला. सकाळी सुई घेतली आन् दिवसभर कायबी खाल्लं न्हाय. सुईवर उपाशी राहिलं की अंगातली साखर उतरते, म्हणून पडले. दिव्याचं काय नव्हतं, आई."

आईने विचारलं, उपास कशासाठी? तुला तर उपास बंद केलेत.

"मला बरं वाटावं म्हणून," यमू म्हणाली, आणि हात पुढे करून तिने चावी फिरवली. ज्योत बसली. धुराची एक रेघ वर गेली आणि माजघरात घासलेटचा वास पसरला.

काकी उठून मागच्या पडवीत गेल्या. मी खाली मान घालून धुराडं घासायला घेतलं. त्यातून निघालेल्या काजळीने शाळाभर मुलांची शाई झाली असती. वात कातरली, दिवा लावला, ज्योत निळीशार उभी राहिली. मी समाधानाने जेवलो आणि झोपलो.

सकाळी दार उघडलं तर आत हवा कोंदट आणि उबदार, जशी कुठल्याही कपाटात असते.

इथे नवखा फिटर घाबरतो. मी नेहमीची यादी घेऊन बसलो. सपाटी पाहिली, दार पाहिलं, पाठीमागे वाराही होता. मग पाठीमागच्या नळ्यांवरून हात फिरवला. खालची, दिव्याजवळची नळी चटका देत होती आणि वरच्या सगळ्या गारढोण, म्हणजे उष्णता वर चढतच नव्हती. इतके महिने मंद ज्योतीवर कुथत चालल्याने नळ्यांतला रस भलत्या जागी जाऊन अडला होता. यावर उपाय एकच. तो कुठल्या पुस्तकात नव्हता, आम्हा फिटरांच्या तोंडी होता: कपाट डोक्यावर उभं करायचं. दिवसभर उलटं ठेवलं की अडलेला रस आपल्या वजनाने सुटतो. मग सरळ करायचं, रस जागेवर बसेपर्यंत काही वेळ थांबायचं आणि पेटवायचं.

स्वस्तिक काढलेलं, माळ घातलेलं ते कपाट उलटं करायचं हे दाजीशेटींना सांगताना मी आधी दोनदा खाकरलो. बागेतले चार गडी बोलावले. कपाट आडवं केलं, आणि आता उलटं उभं करणार एवढ्यात काकी मागच्या दाराने आत आल्या. आता काय ऐकावं लागतंय म्हणून आम्ही पाचही जण तसेच वाकून राहिलो. त्यांनी एक चटई आणली होती. ती जमिनीवर दुहेरी घालून त्या म्हणाल्या, "डोस्कं याच्यावर ठेवा." आणि पुन्हा मागे निघून गेल्या.

दिवस कलल्यावर कपाट सरळ केलं. रस बसू दिला आणि दिवा लावला. आता ऐकणाऱ्याला वाटेल, झालं. पण या यंत्राचा एक स्वभाव आहे: त्याला घाई चालत नाही. पेटवल्यापासून बर्फ धरेपर्यंत ते आपला वेळ घेतं, आणि कितीही चांगलं चाललं तरी पहिला बराच काळ आत काहीच कळत नाही. बोट सकाळी सुटणार होती. म्हणजे कपाट गार झालं की नाही हे बोट गेल्यावरच दिसणार, आणि यमूला पाठवायचं की ठेवायचं हे मात्र बोट जायच्या आधी ठरवायला हवं.

सकाळी पडाववाला दारात येऊन गेला. यमूचं गाठोडं बांधून ओटीवर ठेवलेलं. दाजीशेटींनी कपाट उघडून आत हात घातला आणि काढून घेतला. "तसंच हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, तुमी सांगाल तसं करतो."

मी पुन्हा पाठीमागे गेलो आणि नळ्यांवर तळहात ठेवला. खालची तापलेली. तिच्यावरची तापलेली. सगळ्यात वरची, जी काल गार होती, तिच्यावर हात ठेववेना. कान लावला तर आत पाणी उकळताना होतो तसा बारीक आवाज, थांबून थांबून. उष्णता जिथे जायला हवी तिथे निघाली होती. आत अजून काही नव्हतं, पण बाहेर सगळं होतं. हे ओळखायलाच तर इतकी वर्षं हात भाजून घेतले होते. तरी मी वरच्या नळीवर पुन्हा एकदा हात ठेवून पाहिला. लोक आपल्या हाती कपाट देतात, मुलगी नाही.

"यमूला राहू द्या," मी म्हणालो. "आणि माझीही पिशवी पडावात टाकू नका."

कपाट चालेल याची मला खात्री होती. पण दुसऱ्याच्या मुलीला ठेवून घ्यायला सांगायचं आणि आपण बोटीत बसून निघून जायचं, हे माझ्याने झालं नसतं. बोटीने लांबून भोंगा दिला. दाजीशेट तो संपेपर्यंत ओटीवर उभे होते. मग त्यांनी गाठोडं स्वतः उचलून आत नेलं.

दुपारी आतल्या नळीवर दव धरलं. दिवेलागणीला त्या दवाचं पांढरं झालं. दुसऱ्या सकाळी बर्फाच्या ताटलीत पातळ पापुद्रा धरलेला होता. यमूने तो बोटाने फोडला आणि घरभर सगळ्यांना दाखवत फिरली. पेटीतला उरलासुरला बर्फ संपायच्या आत मी बाटल्या कपाटात लावल्या, त्याही खालच्या फळीवर, कारण हे औषध उन्हाने बिघडतं तसं गोठलं तरी बिघडतं. यमूने पुढे कितीतरी पावसाळे त्या घरात काढले आणि दाजीशेटींच्या मागे बागायत तिनेच पाहिली. ते कपाट मी त्यानंतर आणखी दोनदा डोक्यावर उभं केलं. आता विजेची यंत्रं आली आहेत, ती कुणी उलटी करत नाही आणि त्यांच्या नळ्यांवर हातही कुणी ठेवत नाही. त्याचं मला वाईट वाटतं, का ते नीट सांगता येत नाही.

बोट गेल्याने मी बैलगाडीची सोय होईपर्यंत आठवडाभर अडकलो. त्यामुळे पहिली साफसफाई माझ्यासमोर झाली. मी काकींना सांगितलं होतं की दर आठवड्याला दिवा मालवायचा, वात कातरायची, धुराडं पुसायचं, नाहीतर परत हेच होईल. मी करून दाखवतो म्हटलं. त्या नको म्हणाल्या. त्यांनी आधी यमूला कपाटासमोर पाट मांडून बसवलं. पुढ्यात मोजलेली भाकरी आणि पालेभाजी ठेवली. सगळं खाऊन होईपर्यंत त्या चावीवर हात ठेवून नुसत्या बघत बसल्या. शेवटचा घास गिळलेला पाहिला आणि मग चावी फिरवली. निळी ज्योत लहान झाली आणि गेली. काकी दिव्याकडे बघत नव्हत्या, लेकीच्या तोंडाकडे बघत होत्या. मीही श्वास धरून होतो, कशासाठी ते देव जाणे.

यमूने ताटातली बोटं चाटली आणि आणखी अर्धी भाकरी मागितली.

काकींनी कात्री घेतली, वातीवर वाकल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "मोजलेली झाली. उठ, हात धू."